झिंकची गोळी फेकू नका: पेरणीच्या तोंडावर फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

यवतमाळ-वाशीमकडच्या गावांतल्या ग्रुपवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. त्याचा सारांश असा: झिंक आणि कॅडमियम ही एकाच विषाची दोन नावं. जपानमध्ये याच विषानं बायकांची हाडं मोडली. उंदीर मारायचं औषधही झिंकचंच. तेच झिंक आता सरकार लेकरांना गोळीतून देतं आणि कंपन्या खतातून वावरात टाकतात. म्हणून गोळ्या फेकून द्या, झिंक सल्फेट टाकू नका, टिनावरून आलेलं पाणी पिऊ नका आणि फक्त शेणखत वापरा, कारण त्यात जड धातू नसतात.

मी रसायनशास्त्र शिकवते. हा मेसेज मला माझ्याच माजी विद्यार्थ्यांकडून आला, आणि त्यातल्या दोघींची लेकरं अजून अंगणवाडीत जातात. म्हणून एकेका मुद्द्याला उत्तर देते. यात एक गोष्ट मात्र खरी आहे: कॅडमियम हे विषच आहे. मेसेज पसरतोय तो या खऱ्या गोष्टीच्या आधारानं.

आधी गोळीबद्दल, कारण पावसाळा लागलाय आणि हगवणीचे दिवस आलेत. "सरकार गोळीतून विष देतं." नाही. जुलाब लागले की लेकराच्या शरीरातलं झिंक बाहेर पडतं आणि आतड्याचं अस्तर भरून यायला तेच हवं असतं. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी 2004 साली मिळून सांगितलं की जुलाबात ओआरएससोबत झिंकही द्यावं. आपल्याकडे आशाताई जी विरघळणारी गोळी देतात ती 20 मिलिग्रॅमची असते. सहा महिन्यांवरच्या लेकराला रोज एक आणि दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला अर्धी, असं 14 दिवस द्यायचं. चमचाभर स्वच्छ पाण्यात किंवा आईच्या दुधात ती विरघळते. जुलाब दोन-तीन दिवसांत थांबले की बहुतेक घरी गोळी बंद होते, आणि नेमकं तेच करायचं नाही. उरलेल्या दिवसांची गोळी पुढच्या दोन-तीन महिन्यांतले जुलाब कमी करते. पहिल्या गोळीनंतर एखाद्याला उलटी होते, तिला विषबाधा समजू नका.

माणसाला झिंक लागतं हे आपल्याला ठाऊक झालं तेही एका भारतीय डॉक्टरमुळे. बिहारमधल्या बक्सरचे डॉ. आनंद प्रसाद 1960 च्या सुमारास इराणमधल्या शिराझला काम करत होते. तिथं त्यांना खेड्यातले असे तरुण दिसले की ज्यांची वाढ खुंटलेली आणि वयात येणंही थांबलेलं. जेवण जवळपास नुसत्या रोटीचं. पुढे इजिप्तमध्ये अशाच मुलांचा अभ्यास करून त्यांनी झिंकची कमतरता दाखवून दिली. आपल्या ताटाकडे पाहा. ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, पोळी: यांत झिंक आहे, पण धान्या-डाळींतलं फायटेट नावाचं द्रव्य ते पकडून ठेवतं आणि आतड्यात सुटू देत नाही. मटकी भिजवून मोड आणले, ज्वारीचं पीठ आंबवून आंबील केली, की ते बरंच सुटतं. पुरुषाला दिवसाला 17 आणि बाईला सुमारे 13 मिलिग्रॅम झिंक मिळावं अशी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) 2020 ची शिफारस आहे. मोठ्या माणसांनी डॉक्टरला न विचारता महिनोन्‌महिने जास्तीच्या गोळ्या घेऊ नयेत, त्यानं शरीरातलं तांबं कमी होतं. हे प्रमाणाचं भान झालं. त्यावरून झिंकला विष ठरवता येत नाही.

"उंदराचं औषध झिंकचंच." ते काळं भुरकट औषध झिंक फॉस्फाईड असतं. पोटातल्या आम्लाशी गाठ पडली की त्यातून फॉस्फिन वायू निघतो आणि जीव घेतो तो वायूच. त्यावर उतारा नाही, म्हणून ते घरात धान्याजवळ किंवा लेकरांच्या हाताला लागेल असं कधीही ठेवू नका. पण त्यात झिंक आहे म्हणून झिंक विष ठरत असेल, तर सोडियम सायनाईड जीव घेतं म्हणून सोडियम असलेलं मीठही सोडावं लागेल.

"झिंक आणि कॅडमियम एकच." दोन्ही आवर्त सारणीच्या एकाच उभ्या रांगेत आहेत, झिंक 30 व्या क्रमांकावर, कॅडमियम 48 व्या, आणि त्याच रांगेत खाली पारा. दोघांचेही अणू दोन-दोन इलेक्ट्रॉन देतात, दोघांनाही गंधकाची ओढ. म्हणूनच खाणीत ते एकत्र सापडतात. कॅडमियमची स्वतंत्र मोठी खाण नसते, झिंकच्या खनिजात ते थोडंसं मिसळलेलं असतं. 1817 मध्ये जर्मनीत फ्रीडरिश स्ट्रोमायर यांना ते सापडलं तेही झिंक कार्बोनेट तपासतानाच.

पण शरीराच्या दृष्टीनं दोघांत जमीन-अस्मानाचा फरक. आपल्या अंगात दोन ते तीन ग्रॅम झिंक असतं आणि तीनशेहून जास्त एन्झाइमं, म्हणजे शरीरातल्या रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिनं, त्याच्या बळावर चालतात. कॅडमियमचं माणसाच्या शरीरात काहीही काम नाही. ते झिंकसारखं दिसतं, म्हणून झिंकच्या जागेवर जाऊन बसतं आणि तिथलं काम बंद पाडतं. वरून शरीर ते सहजी टाकतही नाही. मूत्रपिंडात शिरलेलं कॅडमियम निम्मं व्हायला दहा ते तीस वर्षं लागतात. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक पाहा: लिटरमागे झिंक 5 मिलिग्रॅमपर्यंत चालतं, कॅडमियम फक्त 0.003. सोळाशे पटींहून जास्त फरक. दोन्ही एकच असती तर मर्यादा अशा कशा असत्या?

जपानची गोष्ट खरी आहे, पण मेसेजनं ती अर्धीच सांगितली. तोयामा प्रांतातून जिंझू नदी वाहते, तिच्या वरच्या अंगाला शेजारच्या गिफू प्रांतात कामिओकाची खाण होती. तिथून शिसं आणि झिंक काढून नेत आणि कॅडमियम असलेला गाळ नदीत जाई. त्या पाण्यावर खालची भातशेती होत होती. वर्षानुवर्षं तोच भात खाऊन माणसांची मूत्रपिंडं निकामी झाली, हाडांतली ताकद गेली. सर्वांत जास्त हाल पाळी गेलेल्या, बरीच बाळंतपणं झालेल्या बायकांचे झाले. नुसतं खोकलं तरी बरगडी मोडायची. इताई-इताई नावाचा हा आजार प्रदूषणाचा आहे हे जपान सरकारनं 1968 मध्ये मान्य केलं, आणि तिथल्या शेतांतली माती बदलण्याचं काम 2012 पर्यंत चाललं. त्या बायकांना झिंकनं मारलं नाही. झिंक विकून कॅडमियम नदीत सोडणाऱ्या कारभारानं मारलं. त्यांचं दुःख सांगून आज कोणी आपल्या लेकरांची गोळी बंद करायला सांगत असेल तर मला त्याचा राग येतो.

"झिंक सल्फेट टाकलं की वावरात विष." इथं थोडा हिशेब करू. खत नियंत्रण आदेशानुसार 21 टक्के झिंकवाल्या झिंक सल्फेटमध्ये कॅडमियम जास्तीत जास्त 0.0025 टक्के चालतं. एकरी 10 किलो टाकलं आणि ते मर्यादेला अगदी टेकलेलं असलं, तरी वावरात पडतं पाव ग्रॅम कॅडमियम. एका एकरातल्या वरच्या अर्ध्या फुटातली माती भरते सुमारे 9 लाख किलो. मातीत मुळातच किलोमागे 0.1 ते 0.5 मिलिग्रॅम कॅडमियम असतं. 0.2 धरलं तरी एकरात आधीचंच 180 ग्रॅम झालं. त्यात पाव ग्रॅमची भर, आणि ही मात्राही दरवर्षी द्यायची नसते.

उलट झिंक न टाकण्याचा तोटा मोठा आहे. आपली काळी माती चुनखडीची, सामू (पीएच) आठच्या आसपास. अशा मातीत झिंक असूनही पिकाला मिळत नाही. माती तपासणीच्या कागदावर उपलब्ध झिंक किलोमागे 0.6 मिलिग्रॅमच्या खाली असेल तर पऱ्हाटी असो की गहू, पिकाला ते कमी पडतं. धानाचा खैरा रोग झिंक कमी पडल्यानं होतो हे पंतनगर कृषी विद्यापीठाच्या डॉ. य. ल. नेने यांनी 1960 च्या दशकात दाखवलं, आणि भंडारा-गोंदियाच्या धानपट्ट्याला हा रोग नवा नाही. मेसेज लिहिणाऱ्याला ठाऊक नसलेली गोष्ट पुढे आहे: मुळांत शिरायला झिंक आणि कॅडमियम बऱ्याच अंशी एकाच वाटेनं जातात. झिंक कमी असलं की पीक कॅडमियम जास्त उचलतं. दक्षिण ऑस्ट्रेलियात झिंक कमी असलेल्या जमिनीत झिंक दिल्यावर गव्हाच्या दाण्यातलं कॅडमियम कमी झाल्याचं प्रयोगांत दिसलं आहे. म्हणजे कॅडमियमच्या भीतीनं झिंक बंद करणारा शेतकरी त्याच कॅडमियमला वाट मोकळी करून देतो.

काळजी घ्यायचीच तर खरेदीत घ्या. बिलाशिवाय मिळणारं स्वस्त झिंक घेऊ नका. भंगारातल्या राखेपासून नीट शुद्ध न करता केलेल्या मालात शिसं आणि कॅडमियम राहतं, आणि झिंकच्या नावाखाली मॅग्नेशियम सल्फेटही खपवलं जातं. डीएपी खतासोबत मिसळून टाकू नका, त्यातल्या स्फुरदाशी (फॉस्फरसशी) बांधलं जाऊन झिंक वाया जातं. आणि कॅडमियमच शोधायचं तर ते स्फुरदयुक्त खतांत शोधा. ही खतं ज्या फॉस्फेटच्या खडकांपासून करतात त्यांतल्या काहींत ते मुळातच जास्त असतं, म्हणून युरोपीय संघानं 2022 पासून अशा खतांतल्या कॅडमियमवर मर्यादा लागू केली.

"शेणखतात जड धातू नसतात." असतात. जनावर जे खातं तेच शेणात उतरतं. कंपोस्टसाठी आपल्या खत आदेशात किलोमागे 5 मिलिग्रॅम कॅडमियमची मर्यादा आहे. त्या मर्यादेवरचं दोन टन सुकं कंपोस्ट एकरी टाकलं तर 10 ग्रॅम कॅडमियम जाईल, वरच्या झिंक सल्फेटच्या चाळीस पट. घरच्या गोठ्यातल्या शेणखतात इतकं सहसा नसतं, आणि शेणखत टाकाच, त्यातला सेंद्रिय भाग कॅडमियमला धरूनही ठेवतो. शहराच्या कचऱ्यापासून केलेल्या खताचा तपासणी अहवाल मात्र मागा.

टिनावरच्या पाण्याबद्दल: पहिल्या पावसाचं पाणी सोडून द्या, कारण त्यात पाखरांची घाण असते. टिनावरचा जस्ताचा, म्हणजे झिंकचाच, मुलामा साध्या पाण्यात फार थोडा विरघळतो. आंबट पदार्थात तो भरपूर विरघळतो, म्हणून ताक, पन्हं, चिंचेचं सार जस्ताच्या बादलीत कधी ठेवू नका. लग्नाच्या पंगतीत असं ठेवलं तर उलट्या होतात.

आता मेसेजमध्ये नसलेलं. आपल्या गावांत कॅडमियम येतं कुठून? सर्वांत आधी तंबाखूतून. हे झाड जमिनीतलं कॅडमियम पानांत साठवतं. जेवणातून गेलेल्या कॅडमियमपैकी शंभरात पाचेक भागच शोषले जातात, धुरातलं मात्र फुप्फुसातून बरंच रक्तात उतरतं. म्हणून विडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या अंगात ते इतरांच्या जवळपास दुप्पट सापडतं. खर्‍र्‍यातही तीच पानं आहेत. पोटातून ते कमी शोषलं जातं, पण खर्‍र्‍यानं तोंडाचा कॅन्सर होतोच, त्याला कॅडमियमची गरज नाही. आणि अंगात लोह कमी असलेल्या बाईचं आतडं कॅडमियम जास्त ओढून घेतं. रक्त कमी असलेल्या आपल्या लेकी-सुनांनी लोहाच्या गोळ्या घेण्याचं हे आणखी एक कारण.

दुसरी जागा भंगाराची. जुन्या इमर्जन्सी दिव्यांतल्या आणि कॉर्डलेस फोनांतल्या बॅटऱ्या निकेल-कॅडमियमच्या असत. त्या फोडू नका, धुऱ्यावर काडीकचऱ्यासोबत जाळू नका.

तिसरी जागा भट्टीची. सराफांच्या पाट्यांवर जे केडीएम दिसायचं ते कॅडमियम घालून केलेल्या जोडाचं सोनं. घालणाऱ्या बाईला त्याचा धोका नगण्य, पण बंद खोलीत फुंकणीवर जोड सांधणाऱ्या कारागिराच्या छातीत तो धूर जातो. तो जोड आता बंदच करा. वेल्डिंगवाल्यांसाठीही हेच. जस्ताचा मुलामा असलेला पाइप जोडला की संध्याकाळी थंडी-ताप भरतो आणि दिवस-दोन दिवसांत उतरतो. कॅडमियमचा मुलामा असलेला जुना बोल्ट तापवला तरी सुरुवात अशीच होते, पण पुढे फुप्फुसात पाणी भरतं. म्हणून मुलामा आधी घासून काढा, काम उघड्यावर करा, आणि तापासोबत दम लागला, छाती भरून आली तर रात्र काढू नका. दवाखाना गाठा आणि कोणता धातू तापवला होता ते डॉक्टरांना आधी सांगा.