"तूच लिहून आण, मी सही करतो"

नोव्हेंबर लागला की स्टाफरूमच्या दारात एक-दोन मुलं घुटमळायला लागतात. हातात प्लॅस्टिकची फाईल. "सर, तेवढं लेटर पाहिजे हुतं." लेटर म्हणजे परदेशी अर्जाला लागणारं शिफारसपत्र. आणि आमचं ठरलेलं उत्तर, "तूच लिहून आण, मी सही करतो."

वीस वर्षं मी हे म्हणत आलो. वर आपण पोरांची अडवणूक करत नाही याचं कौतुकही होतं मनात.

साताऱ्यातून अमेरिकेला केमिस्ट्रीत पीएचडीला अर्ज करणारी मुलं आता दरवर्षी एखाद-दुसरी तरी निघतात. (तिकडं 'ग्रॅज्युएट स्कूल' म्हणजे आपल्या पदवीच्या पुढचं शिक्षण. हे दर वर्षी कुठल्या तरी पालकांना समजावून सांगावं लागतं.) घरच्यांना वाटतं, स्कॉलरशिपचा वेगळा फॉर्म असेल, महाडीबीटीसारखा. उत्पन्नाचा दाखला जोडायचा आणि वाट बघायची. विज्ञानाच्या पीएचडीत बहुतेक ठिकाणी प्रवेशाचा अर्ज हाच पैशांचाही अर्ज असतो. निवड झाली तर फी माफ, शिवाय शिकवण्याच्या नाहीतर संशोधनाच्या कामाचा स्टायपेंड. पाच-पाच वर्षं एका अनोळखी पोरावर पैसे घालायचे, तर ते नुसती मार्कलिस्ट बघून कसे घालतील? म्हणून तीन पत्रं मागतात, या मुलाला काम करताना ज्यांनी पाहिलंय त्यांची.

गेल्या नोव्हेंबरात एमएस्सीची एक मुलगी आली. मायणीकडची, वडील गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यात, तिकडं कोइमतूरला. पत्र टाईप करूनच आणलं होतं. मी पेन काढलं, सहज वाचायला लागलो. कष्टाळू, प्रामाणिक, आज्ञाधारक, चांगल्या घरातली. तिसऱ्या परिच्छेदात ती एकदम पुल्लिंगी झाली. मग ओळख पटली. हे पत्र तीन वर्षांपूर्वी एका मुलानं आणलेलं, मीच सही केलेलं. तेव्हापासून ते हॉस्टेलवर पेनड्राईव्हमधून फिरतंय.

मी म्हटलं, "ठेव इथं. मीच लिहितो." तिचा चेहरा पडला. तिला वाटलं सर टाळतायत.

घरी बसलो तर पहिल्या संध्याकाळी दोन ओळी. पाच वर्षं समोर बसलेल्या मुलीबद्दल मला काय माहीत होतं? दुसऱ्या दिवशी एस.वाय.चं एक प्रॅक्टिकल आठवलं. टायट्रेशन, म्हणजे एका द्रावणाला ब्युरेटच्या नळीतून दुसरं किती लागतं ते मोजायचं. सगळ्या बॅचचं रीडिंग १०.२, हिचं एकटीचं १०.९. मी जर्नलवर लाल रेघ मारली, दोन मार्क कापले आणि 'दुरुस्त कर' म्हटलं. तिनं दुरुस्त केलं नाही. चार दिवसांनी येऊन म्हणाली, "सर, कॉस्टिकची बाटली जुनी हुती." कॉस्टिक म्हणजे सोडियम हायड्रॉक्साईड. ते उघडं राहिलं की हवेतला कार्बन डायऑक्साईड ओढून घेतं, द्रावण कमजोर होतं, मग ब्युरेटमधून जास्त सोडावं लागतं. लॅबमधल्या मामांच्या मागं लागून तिनं ताजं द्रावण करून घेतलं होतं आणि त्यावर रीडिंग आलं १०.२. म्हणजे त्या दिवशी खरं रीडिंग लिहिणारी ती एकटी. बाकीच्यांचं 'बरोबर' उत्तर सीनियरच्या जर्नलमधून आलं होतं, आणि मी त्यांना पूर्ण मार्क दिले होते.

हेच लिहिलं. कापलेल्या दोन मार्कांसकट. माझं इंग्रजी बेताचंच, तीन संध्याकाळी गेल्या.

पत्र पाठवणं हा आणखी एक उद्योग. पोर्टलवर कॉलेजचा ईमेल मागतात, आमच्या निम्म्या स्टाफचा जीमेल. लेटरहेडसाठी प्राचार्यांची सही, मग जावक क्रमांक. पुढं एक चौकट, तुम्ही शिकवलेल्या मुलांत ही पहिल्या किती टक्क्यांत? तिकडं १९७४ च्या एका कायद्यानुसार, प्रवेश घेतल्यावर मुलाला आपलं पत्र बघायचा हक्क आहे. पण अर्जातच विचारतात, हा हक्क सोडतोस का? मुलं 'हो' म्हणतात, म्हणजे पत्र लिहिणाऱ्यानं मोकळेपणानं लिहिलंय असं वाचणाऱ्यानं धरायचं. आणि आमच्याकडं तर ते पत्र पोरानंच लिहिलेलं असतं!

राजवाड्याजवळच्या प्रतापसिंह हायस्कूलवरून रोज जातो. ७ नोव्हेंबर १९०० ला भीमराव आंबेडकरांचं नाव या शाळेत दाखल झालं. त्या दिवशी आपण विद्यार्थी दिवस पाळतो, हार घालतो. पुढं मुंबईत बागेत वाचत बसणारा हा मुलगा केळुसकर गुरुजींनी हेरला आणि इंटरनंतर त्याला घेऊन ते स्वतः सयाजीराव महाराजांसमोर उभे राहिले. महिना २५ रुपये मिळाले. कोलंबियाला जायची बडोद्याची शिष्यवृत्ती त्यानंतरची, १९१३ ची. शिफारस म्हणतात ती ही. केळुसकरांनी "अर्ज लिहून आण, सही करतो" म्हटलं असतं तर?

वर्कलोड मलाही आहे. कॉलेजच्या मूल्यांकनाच्या, नॅकच्या फायली, पेपर तपासणी, सीएचबीवरच्या, म्हणजे तासाच्या हिशेबानं शिकवणाऱ्या पोरांचे तर त्याहून हाल. पण पत्रं मागणारी मुलं वर्षाला तीन-चार. तेवढंही आपल्याला होऊ नये?

मुलांनाही सांगतो, डिसेंबरच्या डेडलाईनला नोव्हेंबरात येऊ नका. ऑगस्टमध्ये या, जुनी जर्नलं घेऊन या, सरांना आठवण करून द्या. आणि एका अर्जाची फी ७५-१०० डॉलरच्या घरात जाते, ती माफ करा म्हणून मेल टाकायला लाजू नका. काही ठिकाणी करतात.

तिचे सहा अर्ज होते. चार नकार, एक वेटिंग, एका ठिकाणी फी माफ आणि असिस्टंटशिप. वडिलांचा कोइमतूरवरून रोज फोन, "सर, लगेच हो म्हणू का? सीट जाईल." तिकडच्या बऱ्याच विद्यापीठांनी मिळून ठरवलंय की अशा ऑफरला १५ एप्रिलपर्यंत उत्तर द्यायची सक्ती नाही. हे त्यांना चार वेळा सांगितलं, तरी पटलं नाही. शेवटी तिनंच मार्चमध्ये कळवून टाकलं.

हॉस्टेलवर फिरणाऱ्या त्या पत्राचा पहिला मालक शिरवळच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. त्याला सगळीकडून नकार आले होते. परवा स्टँडवर भेटला, वाकून पाया पडला. शेजारच्या मित्राला म्हणाला, "आमचे सर. लय चांगले. मला लेटरसाठी एक हेलपाटा मारायला लावला नाही."