यीस्टला प्रोटीन पावडर पाजणाऱ्यांनो, जरा थांबा

द्राक्षाचा सीझन आला की एक मेसेज न चुकता फिरायला लागतो: घरच्या वाइनमध्ये दोन चमचे व्हे प्रोटीन टाका, नसेल तर चिमूटभर डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट, अमोनियमच्या रूपात नायट्रोजन देणारं क्षार), यीस्टला अमिनो ॲसिड मिळालं, कुठलंही चालेल, सगळी सारखीच, की फर्मेंटेशन सुसाट, अल्कोहोलपण वाढतं, आणि जास्त पडलं तरी काही बिघडत नाही. (महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी वाइन करणं मुळात बेकायदा आहे हे मेसेजवाले सोयीस्कर विसरतात, पण ते जाऊ दे.) मी नाशिककडे वाइनरीच्या लॅबमध्ये असतो म्हणून जो तो मलाच टॅग करतो, तर एकदाच सगळं लिहून टाकतो.

‘व्हे प्रोटीन टाका.’ कशाला? प्रोटीन म्हणजे अमिनो ॲसिडची लांबलचक साखळी, आणि वाइनचं यीस्ट ती बाहेरच्या बाहेर तोडायच्या भानगडीत फारसं पडत नाही, त्याला सुटी अमिनो ॲसिड्स किंवा दोन-तीनचे तुकडे लागतात. तुमची महागडी पावडर तळाला बसणार नाहीतर वाइन गढूळ करणार, आणि आम्ही इथे द्राक्षातलंच प्रोटीन काढायला बेंटोनाइट (एक प्रकारची माती) वापरतो.

‘सगळी अमिनो ॲसिड्स सारखीच.’ खरा घोळ इथे आहे. यीस्टला अमिनो ॲसिड लागतं ते मुख्यतः त्यातल्या नायट्रोजनसाठी. ग्लुटामिन, ॲस्पॅराजिन ही यीस्ट लगेच उचलतं, काही नंतर, आणि प्रोलिन जवळजवळ तसंच पडून राहतं, कारण ते फोडायला ऑक्सिजन लागतो आणि बंद टाकीत तो कुठून येणार. द्राक्षाच्या रसात प्रोलिन भरपूर असतं, त्यामुळे एकूण नायट्रोजनचा आकडा बघून खूश झालात तर फसलात, यीस्टच्या कामाचा नायट्रोजन वेगळा मोजावा लागतो. बिअरमध्येही तेच, 1964 साली जोन्स आणि पियर्स या संशोधकांनी यीस्ट कुठलं अमिनो ॲसिड आधी खातं आणि कुठलं मागाहून याचे चार गट पाडले, त्यात शेवटच्या गटात एकटं प्रोलिन. लायसिनची गंमत तर अजून वेगळी, नायट्रोजनसाठी फक्त लायसिन दिलं तर आपलं नेहमीचं यीस्ट वाढतच नाही पण बरीच जंगली यीस्ट वाढतात, म्हणून ब्रुअरीत (बिअरच्या कारखान्यात) लायसिन घातलेली, जंतू वाढवायची प्लेट लावून घुसखोर पकडतात.

‘अल्कोहोल वाढतं.’ नाही हो. अल्कोहोल साखरेतून येतं, लिटरमागे साधारण 17 ग्रॅम साखर गेली की 1 टक्का. अमिनो ॲसिडमुळे साखर शेवटपर्यंत संपायला मदत होते एवढंच. हां, वास मात्र बदलतो: ल्युसिनपासून आयसोअमाइल अल्कोहोल (हे वेगळं, वास देणारं), फेनिलॲलनिनपासून गुलाबासारखा वास, हा मार्ग जर्मन रसायनशास्त्रज्ञ एर्लिखने 1907 मध्येच दाखवला होता.

‘चिमूटभर डीएपी.’ कुठला डीएपी? दुकानातल्या गोणीवर 18:46 लिहिलेलं असतं ते खत आहे, शेतासाठी, त्यात काय काय अशुद्धी असतात ते पिण्याच्या वस्तूत नको. फूड ग्रेड वेगळा मिळतो, त्यात नायट्रोजन 21 टक्के, म्हणजे लिटरला 1 ग्रॅम टाकला की जवळपास 210 मिलिग्रॅम नायट्रोजन गेला. आणि साध्या रसाला किमान लागतो लिटरला साधारण 140 मिलिग्रॅम, त्यातला बराचसा रसातच असू शकतो. आता करा हिशोब चिमटीचा!

‘जास्त पडलं तरी चालतं’ म्हणणाऱ्यांना तर हात जोडतो. कमी पडलं तर सडक्या अंड्याचा वास येतो हे खरंय, आम्ही ग्लासात कॉपर सल्फेटच्या पातळ द्रावणाचा थेंब टाकून हुंगतो (फक्त हुंगतो, पीत नाही), वास गेला तर हायड्रोजन सल्फाइड किंवा त्याच्यासारखंच गंधकाचं संयुग. पण अमोनियम जास्त झालं की यीस्ट बाकीची अमिनो ॲसिड्स घेणं लांबवतं, टाकी तापते, आणि उरलेला नायट्रोजन बिघाड करणाऱ्या जंतूंना आयतं जेवण. शिवाय आर्जिनिन या अमिनो ॲसिडपासून युरिया सुटतो, त्याची अल्कोहोलशी गाठ पडून इथाइल कार्बामेट होतं, ज्याला आयएआरसीने (जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने) माणसात कॅन्सर करण्याची दाट शक्यता असलेल्या 2ए गटात टाकलंय.

आणि वेळेचं तर मेसेजमध्ये नावच नाही. अल्कोहोल चढलं की यीस्टची अमिनो ॲसिड आत ओढायची ताकद घटते, म्हणून अर्धी साखर संपल्यावर टाकलेलं बहुतेक वाया, आम्ही देतो ते सुरुवातीला थोडं आणि साखर एक तृतीयांश उतरली की बाकीचं, तेही रस मोजल्यावर गरज दिसली तरच.