ऐकू कमी येतं म्हणून संगीत सोडू नका

‘श्रवणयंत्र लागलं की गाणं-वाजवणं संपलं’ अशा अर्थाचा मजकूर बराच फिरतोय. त्यातले दावे एकेक करून पाहू.

‘यंत्रातून सूर बेसूर ऐकू येतात.’ येतात, पण दोष बहुतेकदा सेटिंगचा असतो. श्रवणयंत्र मुळात बोलणं ऐकण्यासाठी जुळवलेलं असतं. बासरीचा किंवा व्हायोलिनचा लांबवलेला सूर त्याला स्वतःचीच शिट्टी वाटते आणि ते तो दाबायला जातं. त्यामुळे सूर थरथरतो, कधी त्याला चिकटून भलताच सूर उमटतो. ऑडिओलॉजिस्टकडून (श्रवणतज्ज्ञाकडून) संगीतासाठी वेगळा प्रोग्रॅम करून घ्या: फीडबॅक नियंत्रण (शिट्टी दाबणारी सोय) बंद किंवा अगदी कमी, गोंगाट गाळणारी सोय बंद, कॉम्प्रेशन (लहान-मोठ्या आवाजातला फरक कमी करणं) सौम्य. जाताना वाद्य बरोबर न्या. नुसत्या गप्पांवर हे जुळत नाही. एवढं करूनही जोरात वाजवल्यावर आवाज फाटत असेल, तर यंत्राचा व्हॉल्यूम कमी करून भागत नाही, कारण आवाज बहुधा आत शिरतानाच फाटलेला असतो. वाद्यापासून लांब बसा, किंवा यंत्राच्या माइकच्या छिद्रांवर चिकटपट्टीचा एक थर लावून पाहा.

‘वरच्या कंप्रता (बारीक, तीव्र आवाज) ऐकू येत नाहीत, मग मिक्सिंग (गाण्यातले वेगवेगळे आवाज जुळवणं) कसं करणार?’ पियानोची शेवटची पट्टी 4,186 हर्ट्झची, म्हणजे चाल जवळजवळ सगळी त्याच्या खालीच असते. वर उरते ती झांजेची चमक आणि बोलातल्या ‘स’ या अक्षराची धार. नेहमी होणारी चूक म्हणजे आपल्याला ऐकू येईपर्यंत ट्रेबल (वरच्या कंप्रतांचा आवाज) चढवत नेणं; इतरांच्या कानाला ते टोचतं. तिथे स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझरवर (कोणत्या कंप्रतेला किती आवाज आहे याचा आलेख दाखवणाऱ्या साधनावर) विसंबा. त्याच धाटणीचं एखादं तयार गाणं सारख्याच पातळीवर आणा आणि 4,000 हर्ट्झच्या वरचा आलेख ताडून पाहा.

‘हेडफोनचा आवाज वाढवला की झालं.’ हा सल्ला घातक आहे. सुरक्षिततेचा रूढ हिशेब असा: 85 डेसिबलला दिवसाचे 8 तास, पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा. 100 डेसिबलला उरतात 15 मिनिटं.

‘बहिऱ्यांचं वादन कौतुकापुरतंच.’ तालवादक एव्हलिन ग्लेनी बाराव्या वर्षापर्यंत जवळजवळ पूर्ण बहिऱ्या झाल्या होत्या. त्यांना 1989 मध्ये ग्रॅमी मिळालं, 2015 मध्ये पोलार संगीत पुरस्कार. कंप अंगाने ओळखता यावेत म्हणून त्या अनेकदा अनवाणी वाजवतात. घरी हे करून पाहायचं तर स्पीकर लाकडी फळीवर ठेवा, अनवाणी पाय त्याच फळीवर टेकवा आणि ठेका मंद लयीपासून सुरू करा.