खुबा बदलला म्हणजे सहा महिने जिना बंद?

घरात कुणाचं खुब्याचं ऑपरेशन ठरलं की नातेवाइकांच्या ग्रुपवर एक मजकूर हमखास फिरायला लागतो. त्याचा मथितार्थ असा: नवा सांधा बसवल्यावर सहा महिने पायरीवर पाय ठेवायचा नाही. ठेवलात तर सांध्याचा गोळा वाटीतून निसटेल, सांधा हाडात पक्का धरणारं सिमेंट सुटेल, सांधा लवकर झिजेल. अगदीच जायची वेळ आली तर ऑपरेशनचा पाय आधी वर टाकावा, म्हणजे त्यात बळ येतं. नाहीतर पेशंटला खुर्चीत बसवून दोघांनी उचलून न्यावं. पाठवणाऱ्याला काळजीच असते, हे मान्य. पण यातला एकही सल्ला जसाच्या तसा पाळण्याजोगा नाही, आणि शेवटचे दोन तर चक्क धोक्याचे आहेत.

आधी ते सहा महिने. गुंतागुंत नसेल तर ऑपरेशनच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशीच पेशंटला उभं करून चालवतात. घरी जिना असेल तर सुट्टी देण्यापूर्वी फिजिओथेरपिस्ट चार पायऱ्या चढून-उतरून दाखवायला सांगतो. ते जमलं की घरी पाठवतात. कसं बसायचं, किती वाकायचं याची पथ्यं मात्र बऱ्याच पेशंटना पहिले सहा आठवडे पाळायला सांगतात. हेच सहा आठवडे फॉरवर्ड होता होता सहा महिने झाले असावेत, अशी मला दाट शंका आहे. शिवाय खोलीत अडकून पडणं निरुपद्रवी नसतं. पहिल्या काही आठवड्यांत पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याची भीती जास्त असते, आणि न वापरलेला स्नायू फार भराभर वाळतो.

गोळा निसटण्याची भीती सगळ्यात मोठी, म्हणून तिच्याकडे नीट बघू. सांधा निखळतो तो बहुधा पाय ठरावीक कोनात अडकल्यावर. मागच्या बाजूने ऑपरेशन झालं असेल तर खुबा ९० अंशांपेक्षा जास्त दुमडणं, पायावर पाय टाकणं आणि पाय आतल्या बाजूला वळवणं टाळायचं असतं. नेहमीच्या उंचीची पायरी चढताना खुबा साधारण ६०-७० अंश दुमडतो. खोलगट सोफ्यात रुतून बसताना, उकिडवं बसताना किंवा खाली वाकून बुटाची नाडी बांधताना हाच कोन ९०च्या पुढे सहज जातो. म्हणजे जिन्याला घाबरून बुटक्या स्टुलावर बसणारा पेशंट नेमकं चुकीच्या जागी सावध आहे. पुढच्या बाजूने ऑपरेशन झालेल्यांची पथ्यं वेगळी: पाय मागे ताणायचा नाही, बाहेर वळवायचा नाही. तीही पायरीपेक्षा वळण्याच्या जागी जास्त आठवावी लागतात. जिन्याच्या वळणावर पाय रोवून धड गर्रकन फिरवू नका. छोटी छोटी पावलं टाकत वळा.

जिन्यावर सांध्यावर प्रचंड भार येतो, हा समज नुसत्या अंदाजावर धरून बसायचं कारण नाही, कारण तो भार मोजलेला आहे. बर्लिनमधल्या गेऑर्ग बर्गमान यांच्या गटाने कृत्रिम सांध्यातच मोजणीची उपकरणं बसवली आणि २००१ मध्ये आकडे प्रसिद्ध केले. सपाट जमिनीवर चालताना सांध्यावर शरीराच्या वजनाच्या सरासरी २३८ टक्के भार येतो, जिना चढताना २५१ आणि उतरताना २६० टक्के. पेशंट मोजकेच होते, पण मोजणी थेट सांध्याच्या आतली होती. चालायला परवानगी आणि जिन्याला बंदी द्यावी इतका हा फरक नाही. याच गटाच्या मोजणीत धडपडताना, तोल सावरताना भार वजनाच्या सात-आठ पटींपर्यंत गेल्याची नोंद आहे. भीती बाळगायचीच तर सुटलेल्या चपलेची, ओल्या पायरीची आणि अंधाऱ्या जिन्याची बाळगावी.

सिमेंटचं म्हणाल तर ते ऑपरेशन टेबलावरच दहा-पंधरा मिनिटांत घट्ट होतं. सिमेंट न वापरता बसवलेल्या सांध्यात हाड धातूच्या खरबरीत पृष्ठभागात रुजायला काही आठवडे लागतात, आणि इथे मजकुरात थोडं तथ्य आहे. चढताना मांडीच्या हाडात बसवलेल्या दांड्याला पीळ पडतो. बर्गमान यांच्या मोजणीत तो चालण्यापेक्षा सरासरी २३ टक्के जास्त होता. म्हणूनच सुरुवातीला एका वेळी एकच पायरी, कठडा धरून आणि काठी किंवा कुबडी घेऊन चढायला शिकवतात. झिजेचा मुद्दा तर दशकांचा आहे. २०१९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासानुसार सुमारे ५८ टक्के कृत्रिम खुबे २५ वर्षं टिकतात. सुरुवातीच्या काही महिन्यांतल्या पायऱ्यांनी त्यात काय फरक पडणार?

आता 'ऑपरेशनचा पाय आधी वर'. हे तंतोतंत उलटं आहे. वरच्या पायरीवर जो पाय आधी जातो त्यालाच सरळ होत अख्खं शरीर वर उचलावं लागतं. मांडीचे आणि कुल्ल्याचे स्नायू कापाकापीनंतर दमलेले असतात; तो पाय मधेच लटपटला तर माणूस मागे जातो. म्हणून चढताना आधी चांगला पाय, मग ऑपरेशनचा, मग काठी. उतरताना क्रम उलटा: काठी, ऑपरेशनचा पाय, मग चांगला. उतरताना खरं काम वरच्या पायरीवर राहिलेला पाय करतो. तो हळूहळू वाकत शरीर खाली सोडतो, आणि हे काम चांगल्या पायाकडेच हवं. 'चांगला वर, दुखरा खाली' एवढं घोकलं तरी पुरे. एक हात कठड्यावर. दोन कुबड्या असतील तर दोन्ही दुसऱ्या हातात. सोबतच्या माणसाने पेशंट चढताना त्याच्या मागे एक पायरी खाली राहावं आणि उतरताना त्याच्या पुढे एक पायरी खाली. वरून दंड धरून ओढणं हा मदतीचा सगळ्यात वाईट प्रकार.

खुर्चीत बसवून उचलण्याबद्दल एवढंच: उचलणाऱ्यांपैकी एकाचा पाय घसरला तर तिघेही पडतात, आणि पेशंटच्या हाताला कठडासुद्धा लागत नाही. पायऱ्यांवर बसून सरकत जाण्याचा पर्यायही कुणी सुचवतं. पायरीवर बसताना आणि तिथून उठताना खुबा किती दुमडतो ते बघा, म्हणजे ज्यांना ९० अंशांचं पथ्य आहे त्यांनी तो का टाळावा ते कळेल.

याच्या उलट टोकाचा मजकूरही फिरतो: रोज दहा वेळा जिना चढा, लवकर बरे व्हाल. तोही सोडून द्या. सुरुवातीच्या आठवड्यांत जिना गरजेपुरता वापरावा. व्यायाम म्हणून चालणं आणि फिजिओने दिलेले प्रकार पुरेसे असतात. एकाआड एक पाय टाकत चढणं ताकद आल्यावर, फिजिओने बघून हो म्हटल्यावर.

काहींना खरोखरच थांबावं लागतं. ऑपरेशनदरम्यान हाडाला तडा गेला असेल, जुना सांधा काढून नवा घातला असेल किंवा सर्जनने पायावर पूर्ण वजन टाकायला मनाई केली असेल, तर त्यांचंच ऐकायचं. हा लेखही बाजूला ठेवायचा. आणि पायरीवर असताना अचानक कळ येऊन पाय टेकवेना, पाय आखूड किंवा वळल्यासारखा दिसला, पोटरी सुजून दुखू लागली, छातीत दुखलं किंवा धाप लागली, तर ग्रुपवर विचारत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा.

घरी जाण्यापूर्वी फिजिओला एक गोष्ट आवर्जून सांगा: घरच्या जिन्याला कठडा एकाच बाजूला आहे की दोन्ही. एकाच बाजूला असेल तर चढताना उजव्या हाताला येणारा कठडा उतरताना डाव्या हाताला येतो आणि काठीचा हात बदलतो. हॉस्पिटलमध्ये सराव करतानाच दोन्ही हातांनी करून घ्या.