पन्नास पानांचा नियम आणि ‘मिडलमार्च’

नमस्कार. जॉर्ज एलियट या लेखिकेच्या ‘मिडलमार्च’ कादंबरीवरचा माझा लेख वाचून, ‘छान लेख’ म्हणून न सुटता तुम्ही भांडायला आलात, हे आवडलं.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: ‘मिडलमार्च’ नेटाने वाचा असं सांगून मी वाचकाला ओशाळं करते; पन्नास पानांत पकड न घेणारी कादंबरी ही लेखिकेचीच हार; आणि दहा प्रकरणं नायिका डोरोथियात गुंतवून अकराव्यात एकदम डॉक्टर लिडगेटकडे वळणं ही चक्क फसवणूक.

शेवटचं आधी घेते. तुम्हाला खटकलेला सांधा खरोखरच सांधा आहे. जॉर्ज एलियटने १८६९ मध्ये लिडगेट आणि गावातल्या मंडळींची गोष्ट लिहायला घेतली, पण ती अडली. १८७० च्या अखेरीस तिने ‘मिस ब्रुक’ ही (म्हणजे डोरोथियाची) वेगळीच गोष्ट सुरू केली आणि मग दोन्ही एकत्र केल्या. पुस्तक डिसेंबर १८७१ पासून वर्षभरात आठ भागांत निघालं, त्यातले बहुतेक भाग दोन-दोन महिन्यांनी. पहिला भाग बाराव्या प्रकरणाला संपतो. त्या वाचकांना पन्नास पानांत निकाल लावायची घाईच नव्हती. अर्थात हे झालं कारण. समर्थन वेगळं आहे.

त्या दहा प्रकरणांत कॅसॉबॉन आपल्याला दिसतो तो बहुतेक इतरांच्या नजरेतून. पंचेचाळिशी ओलांडलेला, सगळ्या पुराणकथांची एकच किल्ली शोधत बसलेला हा पंडित विशीही न गाठलेल्या डोरोथियाशी लग्न करतो. शेजारपाजार त्याची टर उडवतो. मिसेस कॅडवॉलडर तर म्हणते की त्याच्या रक्ताचा थेंब कुणीतरी भिंगाखाली धरला, तर त्यात नुसते अर्धविराम आणि कंस निघाले. (हे वाक्य वाचूनही तुम्ही कंटाळलात म्हणता, कमाल आहे.) आपणही हसतो आणि नकळत त्या शेजाऱ्यांत जाऊन बसतो. मग एकोणतिसाव्या प्रकरणाच्या पहिल्याच वाक्यात निवेदन डोरोथियाबद्दल बोलता बोलता अडतं आणि विचारतं, नेहमी डोरोथियाच का? तिथून आपण त्या रुक्ष माणसाच्या आत शिरतो, त्याची भूक आणि भीती बघतो. आधीची दोनशेहून जास्त पानं हसण्यात गेली नसती, तर हा प्रश्न आपल्याला टोचलाच नसता.

बेचाळिसाव्या प्रकरणात आपलं हृदय दुबळं आहे हे कॅसॉबॉनला कळलेलं असतं. डोरोथिया जवळ जाते, तो तिला थंडपणे झिडकारतो. ती खोलीत जाऊन संतापते, अगदी मनापासून संतापते, आणि तरी रात्री उशिरा बाहेर येऊन त्याची वाट बघत उभी राहते. तो विचारतो, माझ्यासाठी थांबली होतीस? ती हात पुढे करते आणि दोघं चालू लागतात. घटना म्हणाल तर एवढीच. हे प्रकरण सुटं काढून कुणाला वाचायला दिलं, तर तो म्हणेल, बरं, मग?

ओशाळं करण्याबद्दल: पुस्तक सोडणं हा गुन्हा नाही. माझा आग्रह फक्त विसाव्या प्रकरणापर्यंत आहे, जिथे नवी नवरी डोरोथिया रोममध्ये एकटी हुंदके देत बसलेली सापडते. तुम्ही पंधराव्यात थांबलात. विसावं वाचूनही मन हललं नाही तर खुशाल सोडा, मी वाद घालणार नाही. पैसेवाल्या फेदरस्टोनचे नातेवाईक त्या म्हाताऱ्याच्या मरणावर डोळा ठेवून बसतात, ती पानं मीही भरभर उलटते.