बीपीची गोळी सोडू नका, हृदय जाड करणारा एक सिग्नल काही गोळ्याच अडवतात

वर्धा जिल्ह्यात आमच्याकडे गावोगावच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘हृदय वाढवणारा सिग्नल शास्त्रज्ञांनी बंद करून दाखवला. अर्जुनाच्या सालीचा काढा तेच काम करतो. बीपीच्या गोळ्या सोडा.’ तो वाचून शेजारच्या काकाजींनी गोळ्या सोडल्याही. उपकेंद्रातून आणलेली पट्टी खुंटीवरच्या पिशवीत तशीच होती, दोनच गोळ्या काढलेल्या.

सिग्नलची गोष्ट खरी आहे, पण अर्धी. १९९८ मध्ये अमेरिकेत मोल्केंटिन आणि ओल्सन यांच्या गटाने दाखवलं की पेशीत कॅल्शियम वाढलं की कॅल्सिन्युरिन हे एन्झाइम एनफॅट नावाच्या प्रथिनाला केंद्रकात धाडतं आणि हृदयाच्या पेशी जाड होऊ लागतात. सायक्लोस्पोरिन देऊन त्यांनी हे थांबवलं, पण उंदरांत. आणि तेही हे एन्झाइम मुद्दाम सतत चालू ठेवलेल्या उंदरांत. पुढे इतरांनी हृदयावर दाब वाढवून पाहिलं तेव्हा निकाल एकसारखे आले नाहीत. शिवाय सायक्लोस्पोरिन म्हणजे किडनी बदललेल्या रुग्णाची प्रतिकारशक्ती दाबायचं औषध. त्यानं बीपी वाढतं, किडनीलाही इजा होते.

काढ्याचं म्हणाल, तर तो माणसाच्या हृदयात हा सिग्नल बंद करतो, असं सिद्ध झालेलं नाही.

आणि ‘गोळ्या सोडा’ हे तर जिवावर बेतणारं आहे. बीपीमुळे हृदय जाड होतं त्यात अँजिओटेन्सिन या संप्रेरकाचा मोठा हात असतो. ते पेशीवर ज्या जागी येऊन बसतं, ती जागाच टेल्मिसार्टन, लोसार्टन या गोळ्या अडवून धरतात. म्हणजे हृदय जाड करणारा एक सिग्नल अडवायचं काम बीपीच्या काही गोळ्या आधीपासूनच करतात! २००२ मध्ये ‘लाइफ’ या अभ्यासाचे निकाल आले. बीपी असलेले आणि ईसीजीत हृदय जाड दिसलेले ९ हजारांवर रुग्ण त्यात होते. लोसार्टन आणि अटेनोलॉल या दोन्ही गोळ्यांनी बीपी जवळपास सारखंच उतरलं, पण लोसार्टनवाल्यांच्या हृदयाची जाडी जास्त कमी झाली आणि लकवेही कमी आले. अम्लोडिपिन ही बीपीची आणखी एक गोळीही दाब उतरवून हृदयावरचा भार हलका करते.

आणखी एक. एक्स-रेत ‘हृदय मोठं’ दिसलं म्हणजे बीपीच, असं नाही. आपल्या विदर्भात सिकलसेलच्या रक्तक्षयानंही हृदय वाढतं, झडप खराब असली तरी वाढतं. नेमकं काय ते इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत कळतं.

गोळीनं पाय सुजत असतील तर तो अम्लोडिपिनचा नेहमीचा त्रास असू शकतो. आरोग्य केंद्रात सांगा, डॉक्टर गोळी बदलून देतात.