दादा, डिस्कवाला घे

नाशिकला भावाच्या घरी सध्या एक वाद चालू आहे आणि फॅमिली ग्रुपमुळे तो इथे श्टुटगार्टपर्यंत पोचलाय. भाच्याची दहावी झाली, त्याला गेमिंग कन्सोल कबूल केला होता. दादाचं म्हणणं, "घ्यायचा तर टॉपचा घ्या, पुढची पाच-सात वर्षं बघायला नको." वहिनीचं म्हणणं, "शनिवार-रविवार दोन तास खेळणार, त्याला एवढे पैसे कशाला? सगळ्यांत स्वस्त कुठला ते बघा." मग दोघांनी मला विचारलं. कारण मी जर्मनीत राहते, घरात दोन खेळणारी मुलं आहेत आणि शिवाय तिकडे म्हणे हे सगळं स्वस्त मिळतं.

मला दोघांचंही पटत नाही. का, ते ग्रुपवर चार ओळींत बसेना, म्हणून इथे लिहितेय. दादा-वहिनीसारखे वाद बऱ्याच घरांत होत असणार.

आधी ते 'तिकडे स्वस्त' निकालात काढते. नोव्हेंबर २०२० मध्ये प्लेस्टेशन ५ इथे आला तेव्हा डिस्कवाला ४९९.९९ युरोंना होता आणि बिनडिस्कचा, म्हणजे ज्यात गेम फक्त ऑनलाइन विकत घेऊन उतरवावे लागतात तो डिजिटल एडिशन, ३९९.९९ ला. ऑगस्ट २०२२ मध्ये सोनीने दोन्हींच्या किमती पन्नास-पन्नास युरोंनी वाढवल्या. एप्रिल २०२५ मध्ये डिजिटल पुन्हा वाढून ४९९.९९ झाला. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्सचं तेच: धाकटा सिरीज एस २९९.९९ वरून ३४९.९९ वर गेला, थोरला सिरीज एक्स ५९९.९९ वर. भारतात फेब्रुवारी २०२१ मध्ये प्लेस्टेशन ५ ची किंमत ४९,९९० आणि डिजिटलची ३९,९९० होती. २०२२ च्या नोव्हेंबरात दोन्ही पाच-पाच हजारांनी वाढल्या. युरोचे रुपये करून बघितले तर फरक जेमतेम उरतो, आणि तो कस्टम्सच्या रांगेत संपू शकतो. वर इथे घेतलेल्या यंत्राची वॉरंटी तिथे चालत नाही. तेव्हा 'येताना घेऊन ये' हा विषय बंद.

किंमत चढत जाणं ही मात्र नवी गोष्ट आहे आणि तिने घरोघरचं गणित बिघडवलं आहे. पूर्वी कन्सोल जुना झाला की उतरायचा. प्लेस्टेशन ३ युरोपात मार्च २००७ मध्ये ५९९ युरोंना आला आणि २००९ मध्ये त्याचाच बारीक केलेला अवतार २९९ ला मिळू लागला. अधूनमधून खेळणारा माणूस तेव्हा निवांत थांबायचा, दोन वर्षांनी अर्ध्या किमतीत घ्यायचा. त्याच्यासाठी वेगळ्या 'बजेट' कन्सोलची फारशी गरज नव्हती, कारण वेळ गेला की थोरलाच स्वस्त व्हायचा. आता थांबून काही हाती लागत नाही, आणि या पिढीत सोनी-मायक्रोसॉफ्टने पहिल्याच दिवशी दोन यंत्रं पुढ्यात ठेवली, एक महाग आणि एक छाटलेलं. मला हवं आहे ते एवढंच, की छाटलेल्यात काय छाटलंय ते नीट बघावं.

उदाहरण म्हणून मायक्रोसॉफ्टचा सिरीज एस बघा. त्याची ताकद कमी आहे, पण अधूनमधून खेळणाऱ्याला ते खरोखरच जाणवत नाही. तो १४४० पी इतकं स्पष्ट चित्र धरून बनवला आहे, थोरला त्याहून बारीक ४के धरून. आपल्या दिवाणखान्यातला त्रेचाळीस इंची टीव्ही आणि सोफा यांच्यातलं अंतर बघता हा फरक सांगितल्याशिवाय कळणार नाही. या पिढीत खरा बदल झाला तो गेम झटकन सुरू होण्यात. पूर्वी मिनिटभर फिरणारं चक्र बघत बसायला लागायचं, ते एसएसडी या वेगवान साठवणीमुळे गेलं, आणि एसएसडी धाकट्यातही आहे. ज्या जीटीए सिक्स या गेमची अर्धं जग वाट बघतंय, तोही दोन्ही एक्सबॉक्सवर येणार असं जाहीर झालेलं आहे. तेव्हा 'स्वस्त घेतला तर नवे गेम चालणार नाहीत' ही दादाची भीती बरीचशी अनाठायी आहे.

पण त्याच सिरीज एसमध्ये डिस्क घालायला जागाच नाही. ५१२ जीबीपैकी गेमसाठी ३६४ च्या आसपास उरते. शंभर-शंभर जीबीचे गेम घातले की तिसऱ्या-चौथ्याला पहिला काढावा लागतो. आणि बाल्डर्स गेट ३ हा गेम डिसेंबर २०२३ मध्ये एक्सबॉक्सवर आला तेव्हा एका टीव्हीवर दोघांनी स्क्रीन वाटून खेळायची सोय सिरीज एसवर नव्हती, ती एप्रिल २०२५ मध्ये आली. निन्टेंडो या तिसऱ्या कन्सोल कंपनीने २०१९ मध्ये आपल्या 'स्विच' कन्सोलचा धाकटा, स्विच लाइट, काढला, अमेरिकेत मोठा स्विच ३०० डॉलरचा तर हा २०० चा. तो टीव्हीला जोडता येत नाही आणि त्याचे कंट्रोलर सुटे करून एक भावाच्या हातात देता येत नाही. प्लेस्टेशनच्या डिजिटल एडिशनमध्ये डिस्क ड्राइव्ह नाही. या सगळ्यांत मला एकच गोष्ट दिसते. यंत्र स्वस्त करताना कंपनी आधी कात्री लावते ती वाटून खेळण्याच्या सोयीला. मित्राकडून आणलेला गेम, शेजारी बसलेलं भावंड, खेळून झाल्यावर विकता येणारी वस्तू हे जातं. उरतं ते कंपनीचं एकच दुकान, जिथे भाव तीच ठरवते.

महागाच्या टोकाला तर याहून गंमतशीर नव्हे, चीड आणणारी गोष्ट आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये जास्त ताकदीचा प्लेस्टेशन ५ प्रो इथे ७९९.९९ युरोंना आला, आणि त्यातही डिस्क ड्राइव्ह नाही. ती वेगळी विकत घ्यायची. सोनीने तो तेव्हा भारतात आणलाही नाही, कारण त्याच्या वायफायला लागणारा ६ गिगाहर्ट्झ लहरींचा पट्टा तिथे खुला नव्हता. म्हणजे दादा ज्या 'टॉपच्या'साठी अडून बसलाय, तो अधिकृत दुकानात त्याला मिळेलच असं नाही.

आता साध्या, हौशी गिऱ्हाइकाने आजवर काय केलं ते बघू. २००६ मध्ये निन्टेंडोचा 'वी' नावाचा कन्सोल युरोपात २४९ युरोंना आला. ताकदीत तो प्लेस्टेशन ३ च्या जवळपासही नव्हता, पण हातात काठीसारखा रिमोट धरून आजी-आजोबाही टेनिस खेळू शकत होते. तो दहा कोटींवर खपला, प्लेस्टेशन ३ नऊ कोटींच्या आत राहिला. यावरून 'लोक स्वस्तच घेतात' असा निष्कर्ष काढतात, तो मला अर्धवट वाटतो. कारण पुढे स्विच पंधरा कोटींवर गेला, तेव्हा त्यात सर्वांत जास्त खपला तो मूळचा, टीव्हीला जोडता येणारा मॉडेल. सर्वांत स्वस्त लाइट त्याच्या खूप मागे राहिला. घरच्यांनी दुकानात उभं राहून शंभर डॉलर जास्त दिले, कारण एका यंत्रावर सगळं घर खेळणार होतं.

उलट बाजूचाही दाखला आहे आणि तो मी लपवणार नाही. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या एका खटल्याच्या निमित्ताने मायक्रोसॉफ्टची अंतर्गत कागदपत्रं बाहेर फुटली, त्यांत नव्या एक्सबॉक्सवाल्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांशांकडे धाकटा सिरीज एस होता. पण तो आकडा थोरला मॉडेल बाजारात मिळत नव्हता त्या टंचाईच्या काळातला आहे. शिवाय त्याच्या जोडीला गेम पास होता: महिन्याचे पैसे भरा, शेकडो गेम खेळा. तेव्हा तो सौदा चांगलाच होता. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याच्या वरच्या वर्गणीचा अमेरिकेतला दर महिन्याला २९.९९ डॉलर झाला, आणि ज्यांच्या यंत्रात डिस्क जात नाही त्यांना त्याखेरीज वाट उरली ती गेम ऑनलाइन विकत घेण्याचीच.

इथे राहून माझं मत ज्या गोष्टीमुळे पक्कं झालं ती म्हणजे वाचनालय. जर्मनीतल्या बऱ्याच शहरांच्या सार्वजनिक वाचनालयांत पुस्तकांशेजारी कन्सोलचे गेम असतात. आमच्या भागातल्या शाखेत बालविभागाच्या टोकाला एक कपाट आहे. डब्यांवर वयाचे चौकोनी शिक्के: सहा वर्षांवरच्यांना पिवळा, बाराला हिरवा, सोळाला निळा. निळा डबा उचलला तर काउंटरवरच्या बाई माझ्या धाकट्याकडे बघून मान हलवतात आणि तो निमूट परत ठेवतो. घरी मी सांगितलं तर तासभर हुज्जत चालते. नवा मोठा गेम इथे ऐंशी युरोंना आहे. मुलं तो दोन आठवडे घेऊन येतात, अर्ध्याहून जास्त वेळा चौथ्या दिवशी कंटाळतात आणि परत करतात. जो खरंच आवडतो तो विकत घेतो, बहुतेक वेळा दुसऱ्याने खेळून विकायला काढलेला. हे सगळं डिस्क जाते म्हणून. त्यांच्या वर्गातल्या एका मुलाकडे बिनडिस्कचा आहे. तो आमच्याकडे येऊन खेळतो, पण इथून काही घेऊन जाऊ शकत नाही.

हीच गोष्ट रुपयांत मांडते. भारतात सोनीचा नवा मोठा गेम ४,९९९ ला असतो. २०२४ मध्ये आलेल्या बारीक प्लेस्टेशन ५ च्या दोन मॉडेलांतला फरक दहा हजारांचा, म्हणजे दोन गेमचा. पहिल्या वर्षात भाच्याने चार डिस्का घेतल्या, खेळून अर्ध्या किमतीला काढल्या, तरी तो फरक भरून निघाला. वहिनीने वाचवायला म्हणून घेतलेला स्वस्त डबा दुसऱ्या वर्षापासून महाग पडायला लागतो, आणि तो हिशेब दुकानातला मुलगा काही सांगत नाही.

आता दादाची बाजू. इथून उपदेश करणं सोपं आहे हे मला कळतं. इथे नव्या वस्तूवर विक्रेत्याची दोन वर्षांची कायदेशीर जबाबदारी असते, दुकानातून घेतलेल्या जुन्या वस्तूवरही निदान वर्षभराची. त्यामुळे जुना कन्सोल घेताना छाती धडधडत नाही. तिथे जुना घेतला आणि महिन्याभरात बंद पडला तर विकणारा फोन उचलेलच असं नाही. निन्टेंडो भारतात अधिकृतपणे विकतच नाही, जो येतो तो चोरवाटेने आलेल्या मालाच्या दुकानांतून, बिनवॉरंटीचा. एक्सबॉक्स अनेकदा शोधूनही मिळत नाही. अशा बाजारात 'एकदाच घ्या, चांगलं घ्या' हा आपल्या घरांतला जुना नियम कुणी हौसेपायी केलेला नाही. बदलून मिळण्याची खात्री नसलेल्या माणसाने स्वतःची केलेली ती व्यवस्था आहे. टीव्ही, फ्रिज, मिक्सर सगळं आपण असंच घेत आलो. माझा आक्षेप इतकाच आहे की 'चांगलं' म्हणजे यंत्राची ताकद असं आपण धरून चालतो. रविवारी फुटबॉलचा फिफा (नाव बदललं तरी आपण फिफाच म्हणतो) आणि क्रिकेट २४ खेळणाऱ्या मुलाला ताकदीचा उपयोग शून्य आहे. त्याला दुसरा कंट्रोलर घेऊन दिला तर तो रोज उपयोगी पडेल.

म्हणून माझं उत्तर मधलं आहे: साधा, डिस्कवाला प्लेस्टेशन ५, भारतातल्या अधिकृत दुकानातून, सणासुदीला सूट लागते तेव्हा. प्रोचा विचार सोडून द्या. बिनडिस्कचा फक्त अशा घरात घ्यावा जिथे मूल एकच एक ऑनलाइन गेम खेळतं, फोर्टनाइटसारखा फुकटातला. तिथे तो खरोखरच पुरेसा आहे आणि वहिनी बरोबर ठरते. पैसे अगदीच बेताचे असतील तर डिस्कवाला प्लेस्टेशन ४, ओळखीच्या माणसाचा, चालवून बघून. तो जगभर अकरा कोटींवर खपलेला आहे, त्याच्या डिस्का मिळण्याची पंचाईत नाही.

एक इच्छा अजून आहे. देवघेव आपल्याला नवी नाही. नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायच्या त्या गेमच्या कॅसेटी दुकानदार थोडे पैसे घेऊन बदलून द्यायचे; जुनी द्यायची, दुसरी घ्यायची. पुढे कोपऱ्या-कोपऱ्यावर सीडी लायब्ररी आल्या. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० पासून चालू आहे, आणि गावोगावी अशी वाचनालयं आहेत जिथे बालविभागात मुलं कमी होत चालल्याची तक्रार दर वार्षिक सभेत होते. एखाद्याने पंचवीस-तीस डिस्कांचं एक कपाट सुरू करून बघावं. अनामत घ्या, वयाचे शिक्के पाळा, परत आली की डिस्कवर ओरखडे आहेत का ते उजेडात धरून बघा. आमच्या इथल्या बाई हेच करतात. सुरुवातीच्या डिस्का सभासदांनीच दान दिल्या तर पहिल्या वर्षी खर्च काही हजारांतच राहील. मी दिवाळीत येतेय, तेव्हा मुलांच्या खेळून झालेल्या सात-आठ डिस्का घेऊन येईन. प्लेस्टेशन ४ आणि ५ च्या डिस्का कुठल्याही देशातल्या यंत्रावर चालतात.